बेरीज एक, फोड निराळी : 'शक्ती'ची दुसरी तबकडी ऐकताना

संगीतावर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकणारा, आठ वर्षे तबल्याच्या वर्गाला जाणारा आणि त्यातली निदान दोन वर्षे पाठांतराला कंटाळून फुकट घालवलेला मी एक विद्यार्थी. तरीही वार्षिकांकासाठी संगीतावर काही लिहिशील का, असे संपादकांनी विचारले तेव्हा मी लगेच होकार दिला. कारण मागच्या स्नेहसंमेलनात जे घडले त्याचा खुलासा मी देणे लागतो, आणि तो खुलासा मला फार उशिरा, एका जुन्या ध्वनिमुद्रिकेत सापडला. तो प्रसंग ज्यांनी पाहिला ते अजून मला जिन्यात गाठून हसतात. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी तो सांगतो.

फसलेली श्रद्धांजली

१५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकिर हुसेन गेले. १९५१ साली मुंबईत जन्मलेला, माहीमला वाढलेला हा माणूस आम्हा तबला शिकणाऱ्यांच्या घरात देवघराशेजारच्या भिंतीवर असतो. आमच्याही घरी आहे. पुढच्याच महिन्यात स्नेहसंमेलन होते. माझा एक वर्गमित्र गिटार वाजवतो. तो अजनीच्या रेल्वे कॉलनीत राहतो. मूळचे तामिळ घराणे, पण तिसरी पिढी नागपुरात, त्यामुळे त्याची नागपुरी माझ्यापेक्षा अस्सल. आम्ही दोघांनी ठरवले की तबला आणि गिटार यांची जुगलबंदी करून उस्तादांना आदरांजली वाहायची.

सात मात्रांत वाजवायचे ठरले. मित्राच्या आवडत्या इंग्रजी बँडांनाही सातचा नाद आहे. पिंक फ्लॉइडचे १९७३ सालचे 'मनी' हे गाणे पुष्कळसे सातांतच चालते. माझ्याकडे रूपक होताच. सात म्हणजे सात, असे आम्ही दोघेही समजून चाललो. त्याने आपल्या घरी तयारी केली, मी माझ्या घरी. एकत्र बसलो ते फक्त दोनदा, आणि त्यातही कुर्त्याचा रंग कोणता यावरच जास्त चर्चा झाली.

प्रत्यक्ष रंगमंचावर पहिली पाच-सहा आवर्तने बरी गेली. मग टाळ्या पडू लागल्या, आम्हाला चेव आला, आणि काहीतरी सरकले. काय सरकले ते त्या क्षणी कळले नाही. मी जोरात तिहाई घेतली, मान उडवून समेवर आलो, आणि पाहतो तो मित्र समेवर नव्हताच. तो दुसऱ्या मात्रेवर होता. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी मागच्या रांगेतून "अबे, कोणीतरी एक जण वाजवा बे!" अशी आरोळी आली आणि पडदा पडला. श्रद्धांजली हास्यास्पद झाली, हे शल्य मोठे होते. आम्ही पंधरा दिवस एकमेकांशी बोललो नाही. त्याला वाटे, मी चुकलो. मला वाटे, तो चुकला.

चूक काय होती ते आता सांगता येते. रूपकाची फोड तीन, दोन, दोन अशी. त्याची सम खालीची, आणि टाळी चौथ्या व सहाव्या मात्रेवर. मित्राने आपली सुरावट चार अधिक तीन अशी बांधली होती. त्याचा जोर पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. बेरीज दोघांची सातच, पण वजने निराळ्या जागी. त्याच्या पाचव्या मात्रेवरचा जोर मी गोंधळात माझी चौथी समजलो आणि एका मात्रेने मागे पडलो. दोघेही आपापल्या ठिकाणी बिनचूक मोजत होतो. फक्त एकमेकांचे ऐकत नव्हतो.

लांबलेल्या गाण्यांचा काळ

आमचा अबोला मोडला तो मित्राच्या आईमुळे. तिने एके दिवशी मला घरी बोलावले आणि कपाटातून एक जुनी तबकडी काढून समोर ठेवली. मित्राच्या आजोबांनी ती फार पूर्वी मुंबईहून आणली होती. 'शक्ती' या समूहाची ती दुसरी ध्वनिमुद्रिका, 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी'. नावाचा अर्थ मूठभर सौंदर्य. पण मराठीत मूठभर म्हटले की थोडे वाटते, म्हणून मी मनात 'ओंजळभर सौंदर्य' असे म्हणतो. घरच्या तबकडीयंत्राचा रबरी पट्टा सैल झाला होता. तो सीताबर्डीवरून बदलून आणला आणि मगच आम्ही ऐकायला बसलो. ही तबकडी काय आहे ते समजायला तिच्यामागचा काळ थोडा पाहावा लागेल.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचे गाणे अपुरे वाटू लागले. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटे मावतात. मग ती सगळी एकाच रचनेला का देऊ नयेत, असा त्यांचा विचार. या प्रवाहाला प्रोग्रेसिव्ह रॉक असे नाव पडले. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस ही त्यातली ठळक नावे. एमर्सन, लेक अँड पामर या त्रयीने १९७१ च्या आपल्या दुसऱ्या तबकडीची, 'टार्कस'ची, एक संपूर्ण बाजू एकाच दीर्घ रचनेला दिली. या मंडळींनी चारच्या सरळ चालीऐवजी पाच, सात, नऊ अशा विषम मात्रांची गोडी लावून घेतली. आपल्याकडे झपताल आणि रूपक रोजच्या जेवणासारखे. त्यांना ते सणासुदीच्या पक्वान्नासारखे वाटले असावेत.

बँडची दुसरी तबकडी ही मोठी कसोटी असते, असे मला मित्राने शिकवले. पहिलीत आयुष्यभर साठवलेले सगळे ओतलेले असते. दुसरीच्या वेळी घडा रिता असतो आणि लोकांची अपेक्षा वाढलेली असते. काही जण पहिलीचीच नक्कल करतात, काही जण घाबरून भलतीकडे पळतात. 'शक्ती'ने दोन्ही केले नाही.

विजेपासून लाकडाकडे

जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्लंडातल्या यॉर्कशायर परगण्यात १९४२ साली जन्मलेला गिटारवादक. अमेरिकेत गेल्यावर तो जॅझमधील थोर तुतारीवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' या ध्वनिमुद्रणांत वाजला. १९७१ मध्ये त्याने 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' उभा केला. विजेची गिटार, विजेचे व्हायोलिन, बिली कॉबमचे ढोलांचे वादळ आणि कानठळ्या बसतील असा आवाज. त्या समूहाची दुसरी तबकडी 'बर्ड्स ऑफ फायर' १९७३ ची. तिची सुरुवात मोठ्या घंटेच्या टोल्यांनी होते आणि पुढे जे सुरू होते ते ऐकून माझ्या आजीने "कोणाच्या घरी भांडण लागलं रे?" असे विचारले होते. प्रोग्रेसिव्ह रॉकचे चाहते आजही ती तबकडी डोक्यावर घेतात.

याच मॅक्लॉफ्लिनने नंतर वीज बाजूला ठेवली. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकला. तिथेच व्हायोलिनवादक एल. शंकर भेटला. झाकिर हुसेन यांची साथ मिळाली, आणि 'शक्ती' जन्माला आली. तिच्यात ढोलांचा ताफा नव्हता, की विजेचा गोंगाटही नव्हता. मॅक्लॉफ्लिनच्या लाकडी गिटारीवर नेहमीच्या तारांखालून तिरक्या ताणलेल्या सात तरफेच्या तारा होत्या. गिटारीच्या पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरून घेतले होते. नेहमीच्या गिटारीवर तार पडद्यावर दाबली की सूर एका जागी ठरतो. लाकूड कोरले असले की तार आणखी आत दाबता येते, ओढता येते, आणि मींड व गमक यांची वाट मोकळी होते. एका परक्या माणसाने आपल्या संगीतासाठी स्वतःचे वाद्यच पोखरून घेतले, या गोष्टीचे मला पुन्हा पुन्हा नवल वाटते. आम्ही त्या संमेलनासाठी काय बदलले होते? कुर्ता.

'शक्ती'ची पहिली तबकडी ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेतल्या साउथॅम्प्टन येथे, एका महाविद्यालयातल्या कार्यक्रमात मुद्रित झाली. तीत तीनच रचना आहेत आणि त्यातली एक जवळजवळ अर्ध्या तासाची. समोर श्रोते आहेत, टाळ्या आहेत, चढाओढ आहे. वादक पाच, मृदंगावर रामनाद राघवन. दुसरी तबकडी १९७६ साली लंडनच्या बंद स्टुडिओत झाली. आता वादक चार : मॅक्लॉफ्लिन, शंकर, झाकिर, आणि घटम् व मृदंग सांभाळणारे टी. एच. विनायकराम. रचना सहा. समोर कोणी नाही. दाद द्यायला कोणी नाही, तेव्हा ऐकायला उरले ते फक्त एकमेकांना. या तबकडीचे सगळे गुण मला या एका गोष्टीत दिसतात.

पहिली बाजू

पहिल्या रचनेचे नाव फ्रेंच आहे, 'ला दांस द्यु बॉनर', म्हणजे आनंदाचे नृत्य. वाद्यांच्या आधी माणसांचे आवाज येतात. तालाचे बोल तोंडाने, भराभर, एकत्र म्हटले जातात. दक्षिणेत या विद्येला कोन्नक्कोल म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले, कारण आमच्या वर्गातही गुरुजी आधी पढंत करायला लावतात आणि आम्ही ती शिक्षा समजतो. जी गोष्ट मी टाळत आलो ती या लोकांनी तबकडीच्या दारात तोरणासारखी बांधली आहे. बोल संपतात आणि गिटार व व्हायोलिन एकदम, एकाच सुरावटीवर, धावत सुटतात. सुमारे पाच मिनिटांचा हा तुकडा. पण दोन वाद्ये इतकी चिकटून पळतात की कुठला सूर लाकडावर वाजला आणि कुठला गजाने निघाला ते सांगता येत नाही.

दुसरी रचना 'लेडी एल'. माझे लक्ष इथे घटम्‌कडे गेले. घटम् म्हणजे शेवटी मातीचे मडके. आपल्या नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडी माठ घेताना आपण बोटाच्या पेराने ठोकून पाहतो. नाद खणखणीत असला तर माठ चांगला, बद्द वाजला तर तडा गेलेला. विनायकरामांचे बोट पडते तेव्हा तोच ओळखीचा नाद येतो. घटम्‌चे तोंड पोटाशी दाबून किंवा सोडून खर्जातला घुमारही काढतात. तबल्याला शाई असते, चामडे असते, स्वरात मिळवता येते. बायाची मींड तर माणसाच्या हुंकारासारखी. मडक्याला यातले काही नाही. तरी या तबकडीत तबला आणि घटम् एकमेकांच्या वरचढ होत नाहीत. झाकिरांचा बाया जिथे बोलतो तिथे घट गप्प. घटाची किणकिण जिथे दाटते तिथे तबला चाटीवर सरकतो. वरचा आणि खालचा मजला त्यांनी आपापसात वाटून घेतला आहे.

'इंडिया' ही या बाजूची शेवटची आणि मोठी रचना, बारा मिनिटांहून थोडी अधिक. इतक्या मोठ्या देशाचे नाव एका तुकड्याला देणे मला आधी धाडसाचे वाटले. पण सुरुवात संथ, आलापासारखी आहे. सूर एकेक करून येतात, मधली शांतता मोठी असते, आणि ताल यायची घाई कोणाला नाही. आपल्याकडे बडा ख्याल ऐकायची सवय असलेल्याला हा धीर ओळखीचा वाटेल. रॉकच्या श्रोत्याला मात्र हा पहिला धडा असेल. मित्र तिथे चुळबुळ करू लागला. "कधी सुरू करून राहिले?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "सुरूच आहे."

स्वयंपाकघरातला पाठ

या बाजूनंतर मित्राच्या आईने चहा ठेवला आणि आम्हाला स्वयंपाकघरात बोलावले. मी तिला काकू म्हणतो. काकू लहानपणी कर्नाटक संगीत शिकल्या होत्या, हे तिच्या स्वतःच्या मुलालाही नीट ठाऊक नव्हते. मित्राने गिटार आणू का विचारले, तर म्हणाल्या, "गिटार नंतर. आधी हात."

मग त्यांनी पाच जाती सांगितल्या. तिस्र म्हणजे तीन, 'तकिट'. चतुरस्र म्हणजे चार, 'तकधिमि'. खंड म्हणजे पाच, 'तकतकिट'. मिश्र म्हणजे सात, 'तकिटतकधिमि'. संकीर्ण म्हणजे नऊ, 'तकधिमितकतकिट'. पाहा, मोठे आकडे लहान आकड्यांचेच बनलेले आहेत. पाच म्हणजे दोन आणि तीन. सात म्हणजे तीन आणि चार. तोंडाने म्हटले की आकड्याची फोड आपोआप कानाला कळते, वेगळी मोजावी लागत नाही. नुसते एक, दोन, तीन मोजणारा बेरीज जाणतो. बोल म्हणणारा फोड जाणतो.

काकूंनी हाताने सातचे आवर्तन धरले आणि 'तकतकिट' तीनदा म्हटले. शेवटचे अक्षर बरोबर टाळीवर, समेवर पडले. मला काहीतरी आठवले. आमच्याकडे पाच मात्रांचा एक नेहमीचा तुकडा आहे : 'तिट कत गदि गन धा'. मीही तो सातच्या आवर्तनात तीनदा म्हटला. शेवटचा 'धा' त्याच ठिकाणी पडला. हिशोब साधा आहे. पाच त्रिक पंधरा. सातची दोन आवर्तने चौदा मात्रांची, म्हणून पंधरावी मात्रा ही पुढची सम. हाच तुकडा त्रितालात घ्यायचा तर सोळानंतरची सतरावी मात्रा ही सम. पंधरा पुरत नाहीत, म्हणून दोन ठिकाणी एकेक मात्रेची विश्रांती ठेवायची. पंधरा आणि दोन, सतरा. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन किंवा टेबलावर टाळी देऊन हे जरूर करून पाहावे. पाचच मिनिटे लागतात, आणि तिहाई म्हणजे जादू नसून इमानदारीने केलेली बेरीज आहे हे कळते.

मग काकूंनी मित्राला सांगितले, "आता तू तुझे चार-तीन म्हण, आणि हा आपले तीन-दोन-दोन म्हणेल. हळू." आम्ही म्हणालो. पहिल्यांदाच मला त्याचा जोर कुठे पडतो ते ऐकू आले, आणि त्याला माझी खाली कुठे आहे ते. पंधरा दिवसांचा अबोला चहा निवायच्या आत मिटला. आम्ही दोघेही बरोबर होतो, हे कळणे आम्हा दोघांपैकी एक चुकला होता हे कळण्यापेक्षा जास्त लाजिरवाणे होते.

दुसरी बाजू

तबकडी उलटली आणि 'कृती' आली. तीनच मिनिटांची ही रचना कर्नाटक पद्धतीची. काकू इथे गुणगुणू लागल्या. मॅक्लॉफ्लिनची गिटार या वळणांत शंकरच्या व्हायोलिनच्या मागे विद्यार्थ्यासारखी, पण धिटाईने चालते. लहान रचना लहानच ठेवण्याचा संयम मला फार आवडला. पहिल्या तबकडीत अर्धा तास एकच रचना वाजवणारे हेच लोक.

'आयसिस' ही मात्र पंधरा मिनिटांची, या तबकडीतली सर्वांत दीर्घ. नाव प्राचीन इजिप्तच्या देवतेचे. इथे सवाल-जवाब आहेत, लयीचे चढ-उतार आहेत, आणि चौघांचीही तयारी पणाला लागते. प्रामाणिकपणे सांगायचे तर काही जागी मला दमल्यासारखे झाले. वेग इतका वाढतो की सुराला श्वास मिळत नाही, आणि गणिताची कसरत पाहून आपण टाळी वाजवतो, पण आत काही हलत नाही. आपल्याकडच्या जुगलबंद्यांतही हा दोष असतो. समोर श्रोते असले की जास्तच. तरीही एक फरक आहे. कोणी एक जण पुढे गेला की बाकीचे तिघे त्याला पकडायला धावत नाहीत, त्याच्याखाली जमीन धरून ठेवतात. तो परत येतो तेव्हा सम जागच्या जागी असते.

शेवटची 'टू सिस्टर्स', दोन बहिणी. एवढ्या धावपळीनंतर ही रचना संथ आणि कोवळी आहे. तालवाद्ये मागे राहतात, गिटार आणि व्हायोलिन हळू आवाजात बोलत बसतात. दिवसभराचे लग्नकार्य उरकल्यावर रात्री दोघी बहिणी ओट्यावर बसून बोलतात ना, तसे. मला ही रचना या तबकडीचे खरे मर्म वाटते. जोरात वाजवता येत असूनही हळू वाजवायचे ठरवले, ते इथे पुरतेपणी दिसते.

घराण्यांच्या भिंती आणि आपले गाव

'शक्ती'ने १९७७ मध्ये 'नॅचरल एलेमेंट्स' ही आणखी एक तबकडी काढली आणि पुढे तो समूह पांगला. वीसेक वर्षांनी तो नव्या रूपात परत आला. विनायकरामांचे चिरंजीव सेल्वागणेश आणि मुंबईचे शंकर महादेवन त्यात आले. २०२३ च्या 'धिस मोमेंट' या ध्वनिमुद्रिकेला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्यानंतर अवघ्या दहा महिन्यांनी झाकिर गेले.

शंकर महादेवन यांचे नाव निघाले की नागपूरकराला एक गोष्ट आठवायला हवी. २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटात त्यांनी पंडितजींची भूमिका केली. ते मूळ नाटक १९६७ चे, आणि त्याचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे. नाटकात खाँसाहेब साकारले वसंतराव देशपांडे यांनी, ज्यांचे नाव सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला आहे. दोन घराण्यांच्या वैराची, विद्या कोणाची या प्रश्नाची ती कथा. वसंतराव लहानपणी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि पुढे अनेक गुरूंकडून वेचत गेले. त्याच सप्रे गुरुजींकडे शिकलेल्या सी. रामचंद्रांनी हिंदी चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य ठेके धिटाईने आणले. तेव्हा भिंतीपलीकडचे ऐकण्याची परंपरा आपल्या गावाला नवी नाही. आम्हीच ती विसरलो होतो.

माझे गुरुजी महालात वर्ग चालवतात. मिश्र संगीताबद्दल त्यांचे मत कडक. "तर्री पोह्यावर शोभते, तबल्यावर नाही," असे ते नेहमी म्हणतात. भीत भीतच मी त्यांना अजनीला घेऊन गेलो. त्यांनी डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकल्या. मधे एकदाच बोलले : "हा मडकेवाला कोण रे बाबू? भल्ला वाजवून राहिला ना!" तबकडी संपल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाह्य, यांनी आपापलं काहीच सोडलं नाही. म्हणून जमलं. तुम्ही दोघांनी आपापलं पुरतं धरलंच नव्हतं, तर मिसळणार काय?" निघताना काकूंना त्यांनी नमस्कार केला आणि 'तकतकिट' पुन्हा एकदा म्हणून दाखवायला सांगितले. मत बदलले असे ते म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी आम्हा सगळ्यांना पाच जाती लिहून घ्यायला लावल्या.

ही तबकडी आज कोणालाही मोबाइलवर ऐकता येते. आम्हीही ऐकली. पण कानात एकेक बोंडूक घालून दोघांनी वेगवेगळे ऐकणे आणि एका खोलीत, एका यंत्रासमोर, मधे न बोलता ऐकणे यांत फरक पडतो, असा माझा अनुभव आहे. निदान एकदा तरी, दुसऱ्या कोणाबरोबर बसून ऐकावी, एवढीच वाचकांना विनंती.

यंदाच्या स्नेहसंमेलनात आम्ही पुन्हा नाव दिले आहे. तेच सात. यावेळी पहिले दोन महिने आम्ही वाद्यांना हात लावला नाही. रोज संध्याकाळी अजनीच्या त्या स्वयंपाकघरात बसून नुसते हाताने आणि तोंडाने वाजवले. मित्र आता रूपकाची खाली ओळखतो, आणि त्याची पाचवी मात्रा मला झोपेतही सापडते. कार्यक्रम रंगेल की नाही ते सांगता येत नाही. पण पुन्हा कोणी मागून ओरडले, तर यावेळी ते आम्हा दोघांनाही एकाच मात्रेवर ऐकू येईल.